पाचव्या नोंदीपासून

माझ्या धाकट्या मेव्हण्याने वयाच्या बासष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न मार्चमध्ये झालं. जेवताना माझी बायको नव्या भावजयीला म्हणाली, "जरा ती खिडकी इकडे दे गं." तिला पाणी हवं होतं. सगळे हसले. मेव्हणा म्हणाला, लग्न माझं आणि गोंधळ ताईचा. तीही हसली. पुढच्या आठवड्यात ती चमच्याला किल्ली म्हणाली आणि मला तिच्या भावाच्या नावाने हाक मारली.

डॉक्टरांनी सांगितलं की डोक्यात गाठ आहे, बोलण्याच्या जागेला चिकटून. काढण्यासारखी नाही. आधी बोलणं जाईल, बाकीचं मागून. हे सांगताना त्यांनी टेबलावरचं पेन उचलून वहीच्या कडेला सरळ लावून ठेवलं. बोलणं किती दिवस राहील, असं सुनेने विचारलं. महिना, फार तर दीड, ते म्हणाले. परत येताना बसमध्ये आम्ही तिघं तीन वेगळ्या बाकांवर बसलो, कारण तशाच जागा रिकाम्या होत्या.

माझी बायको सुईण होती. आमच्या मागांच्या वस्तीत तिने एक्केचाळीस वर्षं बाळंतपणं केली. मी त्याच वस्तीत एकोणचाळीस वर्षं माग चालवला. तिथली पोरं घरीच जन्मायची. बाप पाळीवर, आई चार दिवसांत परत पाळीवर. जन्माची नोंद करायला नदीपलीकडच्या कचेरीत जाणार कोण? त्यामुळे निम्म्या वस्तीकडे जन्माचा कागद नव्हता. होतं ते सगळं माझ्या बायकोच्या डोक्यात. तारीख, वेळ, आईचं नाव, घर, कोणता जिना, पाऊस होता की पाणी गेलं होतं. तिला लिहिता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. गिरणी बंद पडल्यावर मी अठ्ठावन्नाव्या वर्षी वाचनालयातल्या वर्गात अक्षरं शिकलो. तेव्हापासून ती मला मास्तर म्हणायची, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती हे मी कधी वेगळं करून पाहिलं नाही.

त्या वर्षी कचेरीने जाहीर केलं की घरी झालेले जुने जन्म सुइणीच्या शब्दावर नोंदवून घेऊ. पूर्ण तारीख हवी, वेळ हवी, आणि खाली सुइणीचा अंगठा. मुदत तीस जून. त्यानंतर नाही.

वस्तीतली माणसं घरी येऊ लागली. सगळ्यात जास्त यायची ती पाववाल्याची मुलगी. एकोणतीस वर्षांची, इस्पितळाच्या धुलाईखान्यात सात वर्षं तात्पुरती म्हणून काम करणारी. जन्माचा कागद दिला तर कायम करू, असं तिला सांगितलं होतं. ती माझ्या बायकोला मावशी म्हणायची, यायची तेव्हा कालचा पाव घेऊन यायची आणि दारातच उभी राहायची, चप्पल न काढता, म्हणजे लगेच जायला बरं.

मी नवी वही आणून ठेवली. सून म्हणाली, "वही नको, बाबा. वहीतून पुन्हा कुणीतरी उतरवून काढणार, त्यात चुका होणार."

आमचा मुलगा जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने. सून घरात बसून एका कंपनीसाठी वेबवर चालणारे प्रोग्रॅम लिहिते. तिने या कामासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पुढे तो वस्तीच्या दवाखान्यातल्या संगणकावर ठेवायचा, म्हणजे तिथली नर्सही नोंदी तपासू शकेल. पण दवाखान्याच्या संगणकावर थेट प्रयोग नको, आधी आपल्या घरात तसाच एक संगणक उभा करू, असं तिने ठरवलं.

तसाच एक म्हणजे दुसरा विकत आणायचा, असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. माझ्या मुलाच्या जुन्या संगणकाच्या आत तिने दुसरा संगणक तयार केला. बाहेरच्याची थोडी मेमरी, थोडी जागा आतल्याला काढून दिली. आतल्याला वाटतं की आपण स्वतंत्र आहोत. त्याला ना पडदा ना वायर, सगळं बाहेरच्याकडून मिळालेलं.

बायको खाटेवरून बघत होती. "म्हणजे पोटुशी आहे तर," ती म्हणाली.

"हो, आई. पहिलटकरीण," सून म्हणाली.

तेव्हा बायकोला अजून नीट बोलता यायचं. मधेच एखादा शब्द निसटायचा, एवढंच.

दोन दिवस लागले. पहिल्यांदा बाहेरचा संगणक आतल्याला जागाच देईना. सुनेने तो बंद करून चालू केला, चालू होतानाच एक बटण दाबून धरलं, निळ्या पडद्यावर जाऊन कुठलीशी मुळातली परवानगी दिली. मग आत सगळं नव्याने बसवलं: चालवणारी प्रणाली, नोंदी ठेवायचं कोठार, शेवटी तिचा प्रोग्रॅम. प्रोग्रॅम आत चालू झाला, पण बाहेरून उघडेना. बायको म्हणाली, आडवं आलंय. सून म्हणाली की आतून बाहेर यायचं दार बंद आहे. तिने ते उघडलं, मग आकड्यांचा एक पत्ता लिहिला आणि पडद्यावर पांढरं पान आलं. वर लिहिलं होतं: जन्मनोंद. हा पत्ता या संगणकाबाहेर कुणालाही लागणार नाही, असं ती म्हणाली. आतल्याचं घड्याळ काही तास मागे चाललं होतं. ते मात्र बायकोने आधी नीट करायला लावलं.

चालतंय का हे पाहायला सुनेने चार नोंदी भरल्या. पहिली आमच्या मुलाची. बाकीच्या तीन अशाच ओळखीच्या, ज्यांच्याकडे कागद आधीपासून होते, म्हणजे ताडून बघता येईल. चारही बरोबर निघाल्या. मग तिने त्या आतल्या संगणकाचा फोटो काढून ठेवला. ती त्याला फोटोच म्हणायची. त्या क्षणी जसा आहे तसा अख्खा संगणक त्यात राहतो, काही बिघडलं की त्या फोटोवर परत जायचं, की सगळं जिथल्या तिथे.

मला तिने मोठ्या अक्षरांत कागदावर सात ओळी लिहून दिल्या. चालू कसं करायचं, आतला कसा उठवायचा, पत्ता कुठे, बंद कसं करायचं. सातवी ओळ होती: अडलं तर फोटोवर परत.

दुसऱ्याच सकाळी अडलं. मी पहिलं अक्षर लिहायच्या आधीच पडदा थिजला. सुनेची कंपनीची बैठक चालू होती, ती कानावरचं यंत्र सरकवून धावत आली. आतला बंद केला, फोटो निवडला. एक चौकट आली, आत्ता आहे त्याचाही फोटो ठेवायचा का असं विचारणारी, आणि तिच्यात बरोबरची खूण होती. ती खूण काढायची, नाहीतर फोटोवर फोटो साठून जागा भरते, मग हो म्हणायचं, असं तिने दाखवलं. एका मिनिटात आतला नवा कोरा होऊन उठला. मला ते आवडलं.

मागावर आम्हाला एक शिस्त होती. प्रत्येक मागाला बाजूला आकड्यांची डबी असायची, पाळीत किती कापड निघालं ते दाखवणारी. पाळी संपली की जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, येऊन आकडा कागदावर उतरवून घ्यायचा, आणि मग आम्ही खटका ओढून डबी शून्यावर आणायची, खालचा कचरा झाडायचा, धोटा जागेवर ठेवायचा. पुढच्याला माग कोरा मिळाला पाहिजे. जो आकडा तसाच ठेवून जाईल त्याला पुढच्या पाळीचा माणूस आयमाईवरून शिव्या घालायचा. एकोणचाळीस वर्षांत मी एकदाही डबी तशी सोडली नाही.

मी नोंद भरून बटण दाबलं की पडद्यावर यायचं: जतन झाले. पान पुन्हा रिकामं व्हायचं. म्हणजे जॉबरने आकडा उतरवून घेतला. वर कुठेतरी, सुनेकडे, नोंद जमा झाली. संध्याकाळी मी कागदावरच्या सहा ओळी करायचो आणि मग सातवी. फोटो निवडायचा, चौकटीतली खूण काढायची, हो. दुसऱ्या दिवशी पहिल्या नोंदीला आकडा यायचा पाच. रोज पाच. मला वाटलं सुनेने डबी शून्याऐवजी पाचावर लावली आहे.

असे चोवीस दिवस.

काम चांगलं चाललं होतं. सकाळी नऊला मी टेबल खाटेला लावायचो. बायको उशीला टेकून बसायची आणि डोळे मिटायची. ती घरं घेत जायची, एका टोकापासून. शिंपिणीचं घर, तीन मुलं, मधली पायाळू. दगडी जिन्यावरची विधवा, तिची मुलगी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, कारण भोंगा नुकताच होऊन गेला होता. पाववाल्याच्या बायकोला कळा आल्या तेव्हा भट्टी पेटलेली होती आणि पीठ फुगून आलं होतं. तो बिचारा एकदा भट्टीकडे जायचा, एकदा दाराशी यायचा. शेवटी माझ्या बायकोने त्याला सांगितलं, पाव जळाला तर दुसरा होईल, पण तू पुन्हा दाराशी आलास तर तुलाच भट्टीत घालीन. मग तारीख सांगितली, वेळ सांगितली. मी एकेक अक्षर शोधून दाबत होतो.

"मास्तर," ती डोळे न उघडता म्हणाली, "तुमचं लिहून होईस्तोवर त्या पोरीला दात आले असते."

दिवसाला आठ, कधी नऊ नोंदी व्हायच्या. संध्याकाळी ती एकूण किती झाल्या ते विचारायची आणि मी डोक्यात बेरीज करून सांगायचो. पाववाल्याची मुलगी आली की दारातूनच विचारायची, काका, माझं झालं का? झालं, मी म्हणायचो. सून मधूनमधून डोकावायची. बघू का एकदा, असं एक-दोनदा म्हणालीही. मी म्हटलं, तू तुझं काम कर, इथे सगळं व्यवस्थित आहे. तिच्या कंपनीत त्या महिन्यात काहीतरी मोठं बाहेर पडायचं होतं. ती जेवायलाही कानावर यंत्र ठेवूनच यायची.

तिसऱ्या आठवड्यात बायकोचे शब्द जाऊ लागले. आधी वस्तूंचे, मग माणसांचे. आकडे शेवटपर्यंत राहिले. नाव सापडलं नाही की ती घर सांगायची, घर सापडलं नाही की हाताने जिना दाखवायची. नोंदी दिवसाला चार झाल्या, मग दोन. चोविसाव्या दिवशी एकच झाली, आणि ती सांगायला तिला दुपारपर्यंत वेळ लागला. त्यानंतर तिच्याकडे तीन शब्द उरले. हो, नको आणि मास्तर.

अठ्ठावीस मे. जेवणं झाल्यावर सुनेने खुर्ची ओढली. आता सगळं दवाखान्यात नेऊन ठेवते, म्हणाली. तिने यादीचं पान उघडलं. ते पान मी कधी उघडलं नव्हतं, ते माझ्या कागदावर नव्हतं. यादीत चार नोंदी होत्या.

"बाबा, तुम्ही कुठे भरत होतात?"

"इथेच."

तिने दोन-तीन ठिकाणी पाहिलं. मग मला म्हणाली, रोज जसं करता तसं मला करून दाखवा. मी एक खोटी नोंद भरली, जतन झाले आलं, सहा ओळी केल्या, सातवी केली. कागद न बघता. तिने माझा हात धरला नाही. सगळं होईपर्यंत ती बघत राहिली.

"हे रोज?"

"रोज. रविवारीसुद्धा."

मग तिने सांगितलं. हळू, वर्गात बाई सांगायच्या तसं. नोंदी वर कुठे जात नव्हत्या. त्या आतल्यातच होत्या. फोटोवर परत म्हणजे फोटोनंतरचं सगळं पुसलं. मी तिला डबीचं सांगितलं. ती म्हणाली, हो, कळलं. थोड्या वेळाने म्हणाली की फोटो रोज नवा घ्यायला हवा होता, निदान नोंदी रोज दुसरीकडे उतरवून ठेवायला हव्या होत्या, आणि ते तिचं काम होतं. मी उठून भांडी घासली. एक पातेलं दोनदा घासलं.

तिने कंपनीतल्या एका माहितगाराला तो संगणक दाखवला. दोन दिवसांनी त्याने सांगितलं की त्याच जागेवर रोज नवं लिहिलं गेलंय, खालचं काही निघत नाही. मुलाचा जहाजावरून फोन आला. तो म्हणाला, बाबा, मनाला लावून घेऊ नका. मी म्हटलं, नाही लावत. ते खरं होतं. कुठेच काही लागत नव्हतं.

मला आठवेल असं वाटलं होतं. शेवटी प्रत्येक अक्षर मीच दाबलं होतं. मी वही घेऊन बसलो. भट्टी आठवली, फुगलेलं पीठ आठवलं, भोंगा, पायाळू, जिने. तारखा आठवेनात. दगडी जिन्यावरची वेळ होती, वर्ष नव्हतं. मी अक्षरं शोधण्यात गुंतलो होतो, आकडा एकदा दाबून झाला की डोक्यातून जायचा. कचेरीला हव्या होत्या तारखा.

आईला सांगायचं नाही, असं सुनेने ठरवलं. मी सांगितलं. खाटेजवळ बसून, सकाळी, नऊ वाजता. तिने सगळं ऐकलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, कळ मोजताना बायांच्या तोंडाकडे बघायची तशी. मग तिने जो शब्द काढला तो तिच्याकडे उरलेल्या तिनांतला नव्हता.

"पुन्हा," ती म्हणाली.

आणि डोळे मिटून ती सुरू झाली. तासभर तोंड हलत होतं, आवाज येत होता, मधे थांबायची तेही बरोबर जागी, मी लिहून घ्यावं म्हणून. त्यात एकही शब्द नव्हता. मी कळफलकावर हात ठेवून बसलो होतो. ती थांबली की मी एखादं बटण दाबायचो, आवाज व्हावा म्हणून.

जून लागेपर्यंत हो आणि नकोही गेले, मग सुनेने युक्ती काढली. आपण विचारायचं, आईने तुमचं बोट दाबायचं. दाबलं तर हो. घर विचारायचं, वर्ष, महिना, मग तारीख एकापासून. जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही अशा एक्केचाळीस नोंदी केल्या. आता सून रोज संध्याकाळी त्या तीन ठिकाणी उतरवून ठेवत होती आणि मला यादीचं पान दाखवत होती. एक्केचाळीस म्हणजे पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, पण होत्या.

सोळा जूनला मी पाववाल्याच्या मुलीची नोंद घेतली. ती स्वतः आली होती, पहिल्यांदाच चप्पल काढून आत. माझं झालं होतं ना काका, असं तिने विचारलं होतं, आणि मी तिलाही सगळं सांगितलं होतं. ती खाटेच्या पायथ्याशी बसली. बायकोने तिच्याकडे पाहिलं आणि हसली. ओळख पटलेली होती. वर्ष आम्हाला ठाऊक होतं. महिना मुलीच्या घरी ऑगस्ट म्हणत होते, तोच विचारला, तिने बोट दाबलं. मग मी तारखा घेऊ लागलो. एक म्हटलं, तिने बोट दाबलं. मुलीने श्वास सोडला. का कोण जाणे, पण मी पुढे गेलो. दोन, तिने दाबलं. तीन, दाबलं. चार. पाच. प्रत्येकाला ती सारखंच दाबत होती, नीट, मनापासून, माझ्याकडे बघत. मी एकतीसपर्यंत गेलो. बत्तीस म्हटलं. तिने दाबलं.

आजवर दाबलं की आम्ही थांबायचो. पुढचा आकडा कधी विचारलाच नव्हता. आमच्या त्या एक्केचाळीस नोंदींतल्या बहुतेकांची तारीख एक होती, काहींची दोन. ते मी पाहिलं होतं, सुनेनेही पाहिलं असणार.

सून दारात उभी होती. तिने मुलीला बाहेर नेलं आणि मग परत आत येऊन हळूच म्हणाली, "बाबा, एखादी तारीख टाकू या. ऑगस्ट तर खरा आहे. कुणाचं काय जातंय?"

तिचं चुकीचं नव्हतं. मुलगी समोर होती, जन्मली होती हे दिसत होतं. पण खाली अंगठा लागणार होता तो माझ्या बायकोचा. एक्केचाळीस वर्षांत तिने कुणाची वेळ पाच मिनिटांनी पुढेमागे सांगितली नव्हती. सासवा मुहूर्तासाठी मागे लागायच्या, घटकाभर अलीकडची सांग म्हणायच्या. ती हाकलून द्यायची.

"पूस," मी म्हणालो. "एक्केचाळीसही पूस."

"नक्की?"

"मला दाखव कसं, मी पुसतो."

तिने फोटो दाखवला. तो पहिलाच, चार नोंदींचा. मी खूण काढली आणि हो म्हटलं. एक मिनिट लागलं. यादीत चार राहिल्या, ज्यांच्याकडे आधीपासून कागद होते.

तीस जूनला आम्ही कचेरीत गेलो नाही. पाववाल्याची मुलगी गेली. मी वहीत लिहिलेलं भट्टीचं पान तिने मागून नेलं होतं. कारकुनाने ते वाचलं, चांगलं आहे म्हणाला, आणि तारीख नाही म्हणून परत दिलं. ती अजून धुलाईखान्यात आहे, तात्पुरती. अजूनही पाव घेऊन येते. पहिल्यासारखीच दारात उभी राहते.

माझी बायको त्या वर्षी जुलैच्या अकरा तारखेला, शनिवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी वारली.